कोसल्याचे दार

गौलीगुड्याच्या गल्ल्यांतून वाढणाऱ्या मुलांना रान दिसते ते बहुधा पाठ्यपुस्तकातील चित्रांतच. घराला घर लागलेले. अंगण असले तर त्यात एखादा कढीपत्ता, नाही तर शेवगा. आणि त्यापलीकडे मुशी नदीच्या दिशेने पसरलेली बाजारपेठ. अशा या वस्तीतील माझ्या एका विद्यार्थ्याने काही वर्षांपूर्वी संक्रांतीच्या सुटीहून परतताना रुमालात बांधून दोन वस्तू शाळेत आणल्या. प्राणहिता जेथे गोदावरीला मिळते त्या सिरोंचा भागात त्याची मावशी राहते. तिच्या गावालगतच्या रानात त्या त्याला मिळाल्या होत्या. कोंबडीच्या लहानशा अंड्याएवढ्या, मातकट पिवळ्या रंगाच्या, हाताला लाकडासारख्या कठीण लागणाऱ्या. प्रत्येकीच्या टोकाला काळसर देठ, आणि देठाच्या शेवटी वाळक्या काटकीभोवती घट्ट बसलेले एक कडे. वर्गात तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले, रानफळ असेल. कोणी म्हणाले, एखाद्या झाडाची बी असेल. तो मुलगा म्हणाला, ‘‘सर, हलवून पाहा ना. आत काहीतरी आहे.’’

आत खरोखरच काहीतरी होते. ते टसर रेशमाच्या पतंगाचे कोसले होते, आणि प्रत्येकात एक जीव पावसाळ्याची वाट पाहत पडून होता. त्या दोघांपैकी एकाचे पुढे भले झाले आणि दुसऱ्याचे माझ्या हातून अकल्याण झाले. ती हकिकत मी शेवटी सांगणार आहे. परंतु ती नीट कळावयाची, तर कोसला म्हणजे काय आणि तो आपल्या धन्याचे रक्षण कसे करतो, हे आधी समजून घेतले पाहिजे.

श्रोतेहो, प्रथम शब्दांचा एक घोटाळा दूर करू या. फुलपाखरू काय किंवा पतंग काय, दोघांच्याही आयुष्याच्या चार अवस्था असतात. अंडे, अळी, कोशित आणि पूर्ण वाढलेला पंखधारी कीटक. यांपैकी तिसऱ्या अवस्थेतील जीव म्हणजे कोशित. कोसला हा जीव नव्हे. तो त्या जीवाभोवतीचे घर आहे. बहुतेक फुलपाखरांचा कोशित उघडाच, पानाला किंवा फांदीला लटकलेला असतो. पतंगांच्या पुष्कळ जातींत मात्र अळी स्वतःभोवती रेशमाचे घर बांधते आणि मगच त्यात कोशित होते. म्हणजे घर बांधणारी अळी वेगळ्या रूपाची, त्यात राहणारा कोशित वेगळ्या रूपाचा, आणि घर सोडून जाणारा पतंग आणखी तिसऱ्याच रूपाचा. जीव मात्र एकच.

या घराची गरज का पडते? अळीजवळ पाय आहेत, जबडा आहे. ती सरपटू शकते, पानाआड लपू शकते. पतंगाजवळ पंख आहेत. मधल्या कोशिताजवळ यांपैकी काहीच नसते. त्याच्या शरीरात मोठी उलथापालथ चाललेली असते. अळीचे पुष्कळसे स्नायू आणि अवयव विरघळून जातात, आणि त्याच द्रव्यातून पंख, लांब पाय, डोळे व मिशा यांची जुळणी होते. ज्याचे घरच पाडून पुन्हा बांधणे चालू आहे, त्याला दाराशी आलेल्या चोराशी झुंजता कसे यावे? फार तर तो पोटाचा भाग थोडा वळवळवू शकतो. रेशमाच्या पतंगांत ही अवस्था जातीप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे दोन आठवड्यांपासून थेट नऊ महिन्यांपर्यंत चालू शकते. इतका काळ अन्नपाण्यावाचून आणि हालचालीवाचून जगावयाचे, तर सगळी भिस्त अळीने आधी करून ठेवलेल्या तजविजीवर.

ही तजवीज टसरची अळी कशी करते, ते पाहण्यासारखे आहे. टसरची अळी ऐन आणि अर्जुन या झाडांच्या पानांवर वाढते. पूर्ण वाढ झाली की ती खाणे थांबवते, पोट रिकामे करते आणि जागा हेरू लागते. तिच्या तोंडाखाली एक सूक्ष्म नळी असते. शरीरातील दोन लांब ग्रंथींत साठलेले द्रवरूप रेशीम या नळीतून बाहेर येते आणि खेचले जाताच घट्ट होते. या धाग्यात दोन तंतू जोडीने असतात. तंतूंचा गाभा फायब्रॉइन नावाच्या बळकट प्रथिनाचा, तर त्यांवरचा लेप सेरिसिन नावाच्या चिकट प्रथिनाचा. गाभा म्हणजे दोरी, लेप म्हणजे डिंक. हे दोन पदार्थ वेगळे आहेत, एवढे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे महत्त्व कळेल.

मात्र अळी भिंतीपासून आरंभ करीत नाही. ती फांदीभोवती रेशमाचे कडे घालते आणि त्यापासून खाली एक मजबूत देठ उतरवते. आजूबाजूची पाने ओढून त्यांचा आडोसा करते आणि त्या आडोशात, डोके इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवीत, आतल्या बाजूने थरावर थर चढवू लागते. काही दिवस हे काम अखंड चालते. अखेरीस ती शरीरातून एक द्रव सोडून भिंत आतून भिजवते. या द्रवातील कॅल्शियम ऑक्झॅलेटचे बारीक स्फटिक धाग्यांच्या दरम्यान अडकून राहतात आणि भिंत वाळली म्हणजे कडक होते. गवंडी विटांच्या सांध्यांत चुना भरतो, तसाच हा प्रकार.

आता देठाचे प्रयोजन पाहा. पाने ओढून आडोसा केलाच होता, तर कोसला पानांनाच चिकटवून का नाही ठेवला? कारण ऐन हे पानगळीचे झाड आहे. उन्हाळा लागला की त्याची पाने गळून पडतात. कोसला केवळ पानाला चिकटलेला असता, तर पानाबरोबर तोही जमिनीवर आला असता. आणि जमिनीवर उंदीर आहेत, मुंग्या आहेत, चैत्र-वैशाखातला वणवा आहे. फांदीला घातलेल्या कड्यामुळे पाने गेली तरी कोसला जागच्या जागी फळासारखा लोंबत राहतो. ज्या अळीने हे कडे घातले, तिने बहुधा आपल्या आयुष्यात पानगळ पाहिलेलीच नसते.

अशा रीतीने लोंबणाऱ्या घराला चार गोष्टींना तोंड द्यावे लागते: चोच, ऊन, पाणी आणि कोंडलेली हवा. चोचीचा बंदोबस्त आकार आणि काठिण्य मिळून करतात. अंडाकृती भिंतीला कोपरा नसतो; कोठेही दाबले तरी दाब सर्वत्र वाटला जातो आणि चोच घसरते. शिवाय वाळक्या पानांत तो मातकट रंग चटकन दिसून येत नाही.

उन्हाची गोष्ट थोडी वेगळी. गौलीगुड्याच्या बसस्थानकावरची निजामाच्या काळातील ती प्रचंड कमानदार शेड पुष्कळांना आठवत असेल. जुलै २०१८ मध्ये ती कोसळली. उन्हाळ्यात तिच्याखाली गाडीची वाट पाहत उभे राहिले म्हणजे पत्र्याची धग डोक्यावर उतरत असे. तिचा आकारही कोसल्यासारखा गोलावा घेतलेला. परंतु पत्रा तो पत्राच, तापला की उष्णता लगेच आत देणार. कोसल्याची भिंत तशी नाही. ती आपल्या आजीच्या गोधडीसारखी आहे. थरावर थर, आणि प्रत्येक दोन थरांच्या मध्ये बारीक पोकळ्यांत अडकलेली हवा. ही कोंडलेली हवा उष्णता सावकाश जाऊ देते. बाहेर दुपारचा पारा झपाट्याने चढला आणि रात्री तितक्याच वेगाने उतरला, तरी आत तो फरक हळूहळू आणि सौम्य होऊन पोहोचतो. विदर्भात मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या वर जाणारे ऊन या लोंबत्या घरात राहून काढावयाचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे या गोधडीची किंमत कळते. पाण्याच्या बाबतीतही ही भिंत दुहेरी उपयोगाची आहे. पावसाचा थेंब ती सहजासहजी आत मुरू देत नाही, आणि आतला ओलावाही चटकन उडू देत नाही.

परंतु जी भिंत पाणी आणि ऊन अडवते, तिने हवाही अडवली तर? कोशित मंदपणे का होईना, श्वास घेत असतो. भिंत जर सर्वस्वी बंद असती, तर ज्या घराने त्याला वाचवावयाचे त्याच घरात तो गुदमरला असता. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी टसरच्या कोसल्यावर प्रयोग करून २०१२ मध्ये असे दाखविले, की या भिंतीच्या दोन बाजू सारख्या नाहीत. कर्बद्विप्राणिल वायू तिच्यातून आतून बाहेर जितका सुलभतेने जातो, तितका बाहेरून आत येत नाही. म्हणजे भिंत आहे, आणि भिंतीतच खिडकी आहे.

सर्वच पतंग असा किल्ला बांधत नाहीत. तुतीवर वाढणाऱ्या रेशमी किड्याचा कोसला पांढरा आणि मऊ; त्यात सुमारे हजार मीटर लांबीचा सलग धागा असतो. हजारो वर्षे माणसाच्या टोपलीत वाढल्यामुळे या जातीच्या पतंगाला आता उडताही येत नाही. आसामात एरंडाच्या पानांवर वाढणारी एरीची अळी कोसल्याचे एक टोक मुळातच उघडे ठेवते. आंब्याच्या आणि काजूच्या झाडांवर क्रिक्युला नावाच्या पतंगाचे कोसले आढळतात. ते सोनेरी आणि चाळणीसारखे जाळीदार असतात. कित्येक केसाळ अळ्या स्वतःचे खाजरे केस रेशमात गुंफतात. असा कोसला चोचीत धरणाऱ्या पक्ष्याला पुन्हा त्याच्या वाटेला जावेसे वाटत नाही. काही अळ्या काटक्यांचे तुकडे चिकटवून झोळी बनवतात, जन्मभर ती अंगावर वागवतात आणि शेवटी तिचाच कोसला करतात. आणि पुष्कळ जाती रेशमाच्या फंदात फारशा न पडता जमिनीत शिरतात. माती हीच त्यांची भिंत.

इतकी तजवीज असूनही कोसला अजिंक्य नाही. पिवळ्या रंगाची एक गांधीलमाशीसारखी दिसणारी परोपजीवी माशी आपली सुईसारखी नळी भिंतीतून आरपार घालून आतल्या जीवात अंडे घालते. उझी माशीची रीत याहून कपटी आहे. ती कोसला बांधून होण्याची वाटच पाहत नाही. टसरची अळी पाने खात असतानाच तिच्या अंगावर अंडे घालते. अंड्यातून निघालेला किडा अळीच्या शरीरात शिरतो. बिचारी अळी देठ बांधते, भिंत उभारते, चुना भरते आणि शत्रूला आत घेऊनच दार लावून घेते. काही दिवसांनी त्या कोसल्याला भोक पडते, पण त्यातून बाहेर येतो तो पतंग नव्हे.

मनुष्याचाही या कोसल्याशी फार जुना संबंध आहे. गडचिरोली आणि भंडारा जिल्ह्यांत, विशेषतः आरमोरीच्या बाजूस, ढीवर समाजातील कुटुंबे पिढ्यान् पिढ्या ऐनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या राखत आली आहेत. तेथे कोसल्याला कोसा म्हणतात आणि त्याच्या कापडालाही कोसाच म्हणतात. भंडारा जिल्ह्यातील आंधळगावसारख्या गावी या धाग्याची लुगडी विणली जातात. विदर्भाची करवतकाठी साडी त्यातलीच. तेलंगणातील महादेवपूर व चेन्नूर या भागांतही हा व्यवसाय आहे. तेलुगूत टसरला दसली म्हणतात. झाडावर मोकळ्या सोडलेल्या अळ्यांना पक्षी, मुंग्या आणि माश्या यांपासून राखावयाचे, म्हणजे दिवसभर उन्हापावसात झाडाखाली पहारा करणे आले.

येथे एक गोष्ट मी वर्गात लपवीत नाही आणि येथेही लपविणार नाही. सलग धागा हवा असेल, तर पतंग बाहेर पडण्यापूर्वीच कोशिताला उष्णतेने मारावे लागते. पतंग निघून गेलेल्या कोसल्यातून सलग धागा उलगडणे कठीण. तो कातून घिचा नावाचे जाडसर सूत काढतात. मात्र प्रत्येक जाणता उत्पादक काही निवडक कोसे बियाणे म्हणून राखून ठेवतो. ते विकावयाचे नसतात, उकळावयाचे नसतात. हाती घेऊन जड लागणारे, भरीव कोसे तो निवडतो आणि माळा करून हवेशीर सावलीत टांगतो. पावसाळ्याच्या आरंभी त्यांतून पतंग निघतात, आणि पुढचे सारे पीक त्यांच्यावर अवलंबून असते. रानातील सर्वच कोसे काढून नेले किंवा ऐनाचीच झाडे तोडली, तर पुढच्या वर्षी राखावयाला काहीच उरणार नाही. शेतकऱ्याला बियाण्याच्या कणगीचा अर्थ सांगावा लागत नाही. रानाची कणगी मात्र डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ती रिती होत असल्याचे कळत नाही.

राहता राहिला अखेरचा प्रश्न. एवढ्या कठीण भिंतीतून पतंग बाहेर येतो कसा? अळीजवळ जबडा होता. या पतंगाजवळ तोही नाही. टसरचा पतंग काही खातच नाही; अळीने साठवलेल्या चरबीवर तो आठवडाभर जगतो. भिंत कुरतडणे त्याला शक्य नाही. टसरच्याच कुळातील पतंगांचा अभ्यास करून फोटिस काफाटोस आणि कॅरोल विल्यम्स या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये याचे उत्तर दिले. पतंगाच्या तोंडाजवळ एक पाचक द्रव्य तयार होते. त्याला कोकूनेज असे नाव आहे. बाहेर पडण्याची वेळ आली की पतंग दुसऱ्या एका द्रवात ते कालवून भिंतीला आतून लावतो. आता मघाची दोरी आणि डिंक आठवा. हे द्रव्य दोरीला हात लावत नाही, फक्त डिंक विरघळवते. धागे सुटे होतात, पतंग डोक्याने ते बाजूला सारतो आणि बाहेर येतो. दार असे कोठे ठेवलेले नव्हते. पण जो डिंक भिंत धरून ठेवतो, त्याची किल्ली आतल्या जीवाजवळच होती.

आणि आता ती हकिकत. एप्रिलअखेर शाळेला सुटी लागली. दोन कोसल्यांपैकी एक त्या मुलाने घरी मागून नेला. दुसरा मी ठेवून घेतला. सुटीत शाळेत उंदीर फिरतात, पाली फिरतात, मुंग्यांना तर बंदीच नाही. म्हणून मी तो कापूस घातलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, हवेसाठी झाकणाला खिळ्याने भोके पाडली आणि डबा कपाटात बंद केला. याहून अधिक काळजी कोणी काय घेणार, असे मला वाटले होते.

जूनमध्ये दोन-तीन पाऊस झाल्यावर शाळा उघडली. पहिल्याच दिवशी तो मुलगा धावत आला. ‘‘सर, निघाला! परवा रात्री निघाला!’’ त्याने कोसला काटकीसकट, देठ वर ठेवून, अंगणातील कढीपत्त्याला बांधला होता. मावशीच्या गावी तसाच टांगतात, एवढेच त्याचे कारण. वीतभर पंखांचा, पिवळसर रंगाचा, पंखांवर काचेसारखे चार डोळे असलेला तो पतंग त्यांच्या घरातील सर्वांनी कंदिलासारखा पाहिला होता आणि पहाटेपूर्वी तो उडून गेला होता.

मी कपाट उघडले. माझाही पतंग निघाला होता. डब्याच्या तळाशी तो मरून पडला होता, आणि त्याचे पंख चुरगळलेल्या कागदासारखे अंगालगत सुकून गेले होते. कोसल्यातून बाहेर येताना पतंगाचे पंख ओले आणि घडी घातलेले असतात. त्याला लगेच वर चढून कोठेतरी लटकावे लागते. म्हणजे शरीरातील द्रव पंखांच्या शिरांत उतरतो, पंख उलगडतात आणि मग वाळून ताठ होतात. त्यासाठी तास-दीड तासाची मुदत असते. ती टळली की पंख जसे असतील तसे कायमचे राहतात. माझ्या डब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर चढावयाला आधार नव्हता आणि लटकावयाला उंची नव्हती. उंदरापासून मी त्याला वाचवले होते. बाहेर पडल्यावर तो काय करील, याचा विचार केला नव्हता.

म्हणून आपणांस एवढेच सांगावयाचे आहे. कोरड्या दिवसांत अंगणातील झाडे छाटताना किंवा पालापाचोळा जाळताना फांदीला चिकटलेली एखादी कठीण, निर्जीव दिसणारी गाठ आढळली, तर ती तशीच राहू द्यावी. फांदी तोडणे भागच असेल, तर तिचा तुकडा देठासह सावलीत, मोकळ्या हवेत, खाली हातभर जागा ठेवून टांगावा. याहून अधिक काही करू नये.

ते दोन्ही रिकामे कोसले मी जपून ठेवले आहेत आणि दरवर्षी नव्या वर्गाला दाखवतो. कोणता अंगणातला आणि कोणता डब्यातला, हे मुलांना ओळखता येत नाही. दोहोंच्या टोकाला सारखेच गोल भोक आहे, आणि भोकाच्या कडेला सुटे झालेले धागे सारखेच आहेत. कोसल्यांनी आपले काम दोन्हीकडे चोख केले होते.